नंदूकाका, चौथा रूट राहिलाय

काका, तुमची सायकल अजून खाली पार्किंगमध्येच आहे. पिलरच्या मागे, माझ्या सायकलला टेकून, दोघींना मिळून एक साखळी. वॉचमन दोनदा विचारून गेला, "मॅडम, साब की सायकल का क्या करना है?" दोन्ही वेळा मी "रहने दो" म्हटलं. जाता-येता मी टायर अंगठ्यानं दाबून बघते, तुम्ही बघायचात तसं. हवा कमी होत चाललीय. पंप तुमच्या घरी आहे, म्हणजे आमच्या बरोब्बर खालच्या फ्लॅटमध्ये. पण तिथे बेल वाजवली की काकू दार उघडणार आणि आतून "कोण गं, गारगोटी का?" असं कोणी विचारणार नाही. म्हणून हवा तशीच राहिलीय.

आईबाबांनी हौसेनं ठेवलेलं गार्गी हे नाव तुम्ही इथे दुबईत, मनखूलला राहायला आलात त्याच आठवड्यात गारगोटी करून टाकलंत. मी सहा-सात वर्षांची असेन. मी रडले होते म्हणे.

हे मी मेट्रोत उभ्या उभ्या टाइप करतेय, एका हातानं दांडा धरून, त्यामुळे काय चुकेल ते चुकेल. पण मराठीत करतेय, बघा. तुमचा नियम होता, सायकलवर बसलं की मराठी. इंग्लिश शब्द आला की तुमची ती पितळी घंटी, ट्रिंग. गिअर, ब्रेक, पंक्चर आणि रूट एवढ्यांना माफी होती. सुरुवातीला मी वाक्य सुरू केलं की तुमचा अंगठा घंटीवर तयारच असायचा. मी म्हटलं, "काका, मला सडनली..." ट्रिंग. "म्हणजे अचानक असं फील..." ट्रिंग. "वाटलं. वाटलं की आय शुड जस्ट..." ट्रिंग ट्रिंग ट्रिंग. शेजारून एक फिलिपिनो ग्रुप चालला होता, त्यांना वाटलं तुम्ही साइड मागताय. सगळे बिचारे बाजूला झाले.

आत्ता या पॅराग्राफमध्ये किती वेळा वाजली असती कोण जाणे. पॅराग्राफला पण.

काका, एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलले नाही. ते वर्ष आठवतंय ना, कॉलेज संपलेलं, जॉब नाही, आणि घरात येणारा प्रत्येक माणूस सोफ्यावर टेकायच्या आत विचारायचा, "मग? काय चाललंय सध्या?" आई चहा टाकायला जायची आणि बाबा रिमोट शोधायला लागायचे. तुम्ही एकटे असे, की ज्यांनी विचारलं, "शनिवारी पहाटे उठशील का?" बस. मी म्हटलं, "किती वाजता?" तुम्ही म्हणालात, "ऊन चढायच्या आत परत आलं पाहिजे, बाकी तू ठरव." नंतर कळलं की त्याचा अर्थ साडेतीनला लिफ्टपाशी.

मग तो वाळवंटातला ट्रॅक. काळोखात गाडीवरून सायकली उतरवायच्या, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, तुमच्या त्या कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बाह्या घालायच्या. दोन्ही बाजूंना नुसती वाळू, मध्येच हरणांचे डोळे चमकायचे. तिथे तुम्ही मला एकच प्रश्न विचारायचात, "पाणी प्यायलीस का?" जॉबचं नाही, लग्नाचं नाही, पुढे काय याचं नाही. फक्त पाणी. त्या वर्षात मला कोणी इतकं बरं वाटेल असं काही विचारलं नव्हतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण धापा टाकत असायचे, आणि थांबलो की तुम्ही लगेच डबा उघडायचात. काकूंच्या हातच्या लसणीची चटणी आणि तूप लावलेल्या पोळीच्या सुरळ्या. तोंड भरलेलं असताना थँक्यू कसं म्हणणार? शिवाय थँक्यू म्हटलं असतं तर वाजलीच असती.

आणि मग मागच्या वर्षी इंग्लंड. काका, मला अजून हसू येतं.

अमेयदादानं तिकडे गावात घर घेतलं, "पप्पा, इथे सायकलिंगचे चार रूट आहेत, गावातून सुरू होतात, गावातच संपतात," असं त्यानं फोनवर सांगितलं, आणि तुम्ही त्याच संध्याकाळी वर येऊन बाबांना म्हणालात, "गारगोटीला नेतोय." जणू हमरियाला तुमच्या ऑफिसात नेताय. मला त्या आधीच नोकरी लागली होती, सुट्टी मिळेल का माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "मिळेल, इन्शाल्ला. नाही मिळाली तर आजारी पड." आई म्हणाली, "नंदूभाऊजी, पोरीला काय शिकवताय?" तुम्ही म्हणालात, "मराठी."

घंटी तुम्ही बरोबर घेतलीत. तिकडे भाड्याच्या सायकली मिळणार होत्या, पण त्यांच्या घंटीचा काय भरवसा. सिक्युरिटीत तुमची हँडबॅग उघडली, ऑफिसरनं ती उचलून विचारलं, "सर, व्हॉट इज धिस?" तुम्ही सरळ वाजवून दाखवलीत. अख्खी लाइन वळून बघायला लागली. काकू दहा पावलं मागे गेल्या आणि आम्ही यांच्याबरोबर नाही असा चेहरा करून उभ्या राहिल्या.

पहिल्या सकाळी तुम्ही मला पहाटे चारला उठवलंत. मी पण उठले. हीच तर गंमत आहे, दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ऊन चढायच्या आत निघायचं म्हणजे निघायचं. प्रत्येकी तीन मोठ्या बाटल्या पाणी, पांढऱ्या बाह्या, मानेला सनस्क्रीन. बाहेर आलो तर हातमोजे घालावे अशी थंडी, गवतावर धुकं, आणि उजाडलेलं होतं. गावात एक माणूस जागा नाही. तुम्ही आकाशाकडे बघून गंभीरपणे म्हणालात, "उशीर झाला, सूर्य आला."

ज्या उन्हाला घाबरून निघालो ते दिवसभर आलंच नाही. त्या दिवशीच्या हिरव्या रूटवरचं कॅफे दहाला उघडतं, आपण सहाला त्याच्या दारात. बाहेरच्या लाकडी बाकावर बसून कुडकुडत सुरळ्या खाल्ल्या. पाणी एक घोट संपलं नव्हतं. तुम्ही तरीही विचारलंत, "पाणी प्यायलीस का?"

त्याच्या आधी तो ट्रॅक्टर. दोन्ही बाजूंना झुडपांच्या उंच भिंती, मधून रस्ता, रस्त्यावर कोणी नाही, आणि आपण मस्त गप्पा मारत चाललोय, बराच वेळ. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला आणि आपल्या अगदी पुढ्यात येऊन थांबला. वरचा म्हातारा आपल्याकडे बघतोय, आपण त्याच्याकडे. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॉर्निंग. आम्ही शक्यतो पलीकडच्या बाजूनं जातो." आपण अख्खा रस्ता उजवीकडून आलो होतो. डावीकडून चालवायचं हे आदल्या रात्री मीच सांगितलं होतं, पण सवय कुठे, मी दुबईतच वाढले. पण तुम्ही? तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "सॉरी सर, दुबई." एवढंच. आणि त्याला ते पटलं. "आह," म्हणाला आणि ट्रॅक्टर मागे घेतला.

मी म्हटलं, "काका, तुम्ही तर पुण्यात सायकल चालवायचात."

"पुण्यात बाजू नसते," तुम्ही म्हणालात. "तिथे जागा दिसेल तिकडून."

त्यानंतर प्रत्येक चौकात तुमचं सुरू झालं, "डावीकडून. गारगोटी, डावीकडून." मी दमून म्हटलं, "येस, लेफ्ट, आय नो." ट्रिंग.

मेंढ्या तर राहिल्याच. रस्त्यावर मधोमध बसलेल्या, हलायला तयार नाहीत. तुम्ही घंटी वाजवलीत, काही नाही. मग सायकलवरून उतरलात, दोन्ही हात पसरलेत आणि अरबीत म्हणालात, "यल्ला हबीबी, यल्ला, खलास." आणि त्या उठल्या, काका. एका रांगेत गेल्या. मागे कुत्र्याला फिरवणारी एक बाई उभी होती, तिनं मला विचारलं ही कुठली भाषा. मी म्हटलं, ऑफिसची.

आणि ती फाटकाबाहेरची पेटी, जामच्या बाटल्या ठेवलेल्या, शेजारी कोणी नाही, पैसे आपले आपण टाकायचे. आपल्याकडे सुटे नव्हते. मी म्हटलं, चला, राहू दे. तुम्ही पिशवीतून शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट काढून तिथे ठेवलंत आणि स्ट्रॉबेरी जाम उचललात. मला लाज वाटली, मी भराभर पुढे गेले. दुसऱ्या दिवशी तिथून जाताना पेटीवर चिठ्ठी चिकटवलेली, "चिक्कीवाल्यांनी अजून ठेवावी, प्लीज." तुम्ही मागे वळून माझ्याकडे असं बघितलंत की काय सांगू. त्या आठवड्यात काकूंनी आणलेली सगळी चिक्की त्या फाटकाशी गेली, आणि अमेयदादाच्या घरी अजून जाम संपलेला नाही.

आता भांडण.

दुकानातून आणलेला तो नकाशा, हिरवा, निळा, पिवळा, तांबडा असे चार गोल. मी पहिल्याच रात्री अमेयदादाच्या किचन टेबलावर तो पसरून, फोनवर चढउतार बघून सांगितलं, की आपण सगळे रूट उलटे करू. घड्याळाच्या उलट. कारण इथे डावीकडून चालवायचं, म्हणजे उलटं गेलं की सगळी वळणं डावीकडे, कुठेच रस्ता ओलांडायला नको. आणि तांबड्या रूटची टेकडी उलटीकडून हळूहळू चढते, सुलटीकडून भिंत आहे. किती साधं, किती लॉजिकल.

तुम्ही पोळी मोडत म्हणालात, "फेरी ही सुलटीच घालायची."

"का?"

"प्रदक्षिणा उलटी घालतेस का तू?"

"काका, प्रदक्षिणा देवाला असते. या गोलाच्या मध्ये कोण आहे?"

"मेंढ्या आहेत."

अमेयदादाला पाण्याचा ठसका लागला. मी म्हटलं, "मग मेंढ्यांना उजव्या हाताला ठेवायचं का आपण?" तुम्ही शांतपणे, "हो. आणि गारगोटी, उलटी फेरी माणूस गेल्यावर घालतात. मी आहे तोवर सुलटी."

काकू म्हणाल्या, "जेवताना काय बोलावं याची काही शुद्ध? भाजी घ्या."

वयाचा मान म्हणून हिरवा सुलटा केला. निळा सुलटा केला. पिवळ्याला मी प्रत्येक उजव्या वळणावर थांबून, दोन्हीकडे बघून, मोठ्यानं उसासा टाकून तुम्हाला दाखवत होते आणि तुम्ही बघत नव्हतात. तांबड्यावर मात्र मी अडून बसले. ती भिंत मी चढणार नाही. शेवटी तुम्हीच तोडगा काढलात. म्हणालात, "तू उलटी जा, मी सुलटा येतो. गोल आहे, जाशील कुठे? टेकडीवर बाक दाखवलाय नकाशात. तिथे भेटू, डबा खाऊ, मग तू तुझ्या वाटेनं, मी माझ्या."

"डबा कोणाकडे?"

"माझ्याकडे. म्हणजे तू येशील."

"मग तुम्ही भिंत चढून येईपर्यंत मी उपाशी? डबा माझ्याकडे."

यावर आपलं परत अर्धा तास. काकू उठून झोपायला गेल्या. आणि दुसऱ्या दिवशी असा पाऊस लागला की अमेयदादानं सायकली परत देऊन टाकल्या. खिडकीशी बसून पत्ते खेळलो. तुम्ही काचेतून टेकडीच्या दिशेला बघून म्हणालात, "पुढच्या वर्षी. इन्शाल्ला." इथे इतकी वर्षं राहून तो शब्द आपल्या सगळ्यांच्याच तोंडात बसलाय, पार्सल कधी येणार विचारलं तरी आपण तेच म्हणतो. मी लक्षच दिलं नाही. मी पत्ते वाटत होते.

तिकिटं तुम्ही फेब्रुवारीतच काढून ठेवलीत. आपल्या तिघांची.

काका, त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. कसं झालं, कोणाचा फोन आला, ते सगळ्यांना माहीत आहे आणि तुम्हाला तर आहेच. फक्त एक सांगते, कारण ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे. स्मशानात बाबांनी मला विचारलं होतं, येतेस का, आणि मी गेले. अमेयदादा विमानातून उतरून तसाच आला होता. गुरुजींनी त्याच्या खांद्यावर मडकं दिलं आणि तो तुमच्याभोवती फेरी घालायला लागला. आणि मी बघत होते, तो चालला, आणि माझ्या तोंडून जवळजवळ निघालंच, "दादा, उलटं चाललायस." खरंच, ओठापर्यंत आलं होतं. मग आठवलं. काकूंनी त्याच क्षणी माझा हात घट्ट धरला. त्यांनाही तेच आठवलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि रडता रडता त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मी पण हसले. स्मशानात, काका. लोकांना काय वाटलं असेल.

तुमच्याच नियमानं मी भांडण जिंकले. मला असं जिंकायचं नव्हतं, हे तुमच्या लक्षात राहू द्या.

मग मी अमेयदादाला फोनवर सांगून टाकलं की मी येत नाही, माझं तिकीट कॅन्सल कर. तो म्हणाला, "विचार कर." मी म्हटलं, "आय हॅव." तो म्हणाला, "पप्पा असते तर आत्ता वाजवली असती." मी फोन ठेवला.

परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू. एका हातात तुमचं हेल्मेट, दुसऱ्या हातात पंप. आत आल्या, सोफ्यावर बसल्या, हेल्मेट मांडीवर घेतलं. आई चहा टाकायला गेली, बाबा रिमोट शोधायला लागले. आमच्या घरात अजून तेच चालतं.

"मला अमेयकडे जायचंय," काकू म्हणाल्या. "एकटीला विमानात बसवत नाही. शेजारची सीट रिकामी दिसणार ना."

मी पंप उचलून त्याची नळी गुंडाळायला लागले.

"तू नाही आलीस तर मी पण नाही जात. अमेयला सांगते, ऑक्टोबरात तूच ये."

"काकू, मला तिथे गेल्यावर..."

"तुला कोण सायकल चालवायला सांगतंय? घरात बस, जाम खा. किती बाटल्या पडल्यात." मग हेल्मेट उलटंसुलटं करून बघत म्हणाल्या, "हे घालून पाहिलं मी काल. अंबाड्यावर बसतच नाही. नाहीतर मीच गेले असते त्या टेकडीवर. एकदा बघायचं तरी, त्या बाकासाठी नवरा माझी झोप मोडून अर्धा तास काय भांडला ते."

आई आतून म्हणाली, "वहिनी, साखर?"

"आज घाल," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आणि त्याची घंटी काढून घे हं सायकलवरून. माझ्याच्यानं तो स्क्रू फिरत नाही."

मी पंप घेऊन खाली गेले. आधी हवा भरली, दोन्ही टायरमध्ये, अंगठ्याला दगडासारखं लागेपर्यंत, तुमच्यासारखी. मग घंटी काढली. जरा घट्ट होती. निघाल्यावर एकदा वाजवून बघितली, तर पलीकडून वॉचमन धावत आला, "साब आ गये?" म्हणाला, आणि मग मला बघून तिथेच थांबला. मग तो म्हणाला, "अच्छी आवाज़ है."

तर काका, आपण येतोय. म्हणजे मी आणि काकू. या वेळी सिक्युरिटीत मी वाजवून दाखवीन, काकूंना लांब उभं राहायची सवय आहेच. चिक्की दुप्पट घेतलीय, त्या पेटीवाल्यांना मागच्या वर्षीची बाकी नको वाटायला. पहाटे चारला उठणार नाही, अमेयदादानं हात जोडलेत. पाणी मात्र घेणार आणि पिणार. कोणी विचारलं नाही तरी.

आणि तांबडा रूट मी करणार, उलटा, आपलं ठरलं होतं तसा. तुम्ही सुलटे या, भिंतीकडून. दमलात तर उतरून हातात धरून आणा सायकल, मी कोणाला सांगणार नाही. गोल आहे, जाल कुठे? डबा या वेळी माझ्याकडे आहे. काकू चार सुरळ्या करणार आहेत, मी विचारलं नाही चार कशाला. बाकापाशी जो आधी पोचेल त्यानं थांबायचं. मी जरा जास्त वेळ थांबेन, मेंढ्यांचं काय चाललंय ते बघत बसेन, घंटी वाजवत राहीन म्हणजे तुम्हाला कळेल कुठे आहे.

फक्त काका, रस्ता कितीही रिकामा दिसला तरी, डावीकडून या.